टिमाहो नावाची दोन गावं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आयर्लंडच्या या कासलबारमधल्या आपल्या सगळ्यांच्या हक्काच्या डॉक्टर माधवीताई कर्णिक. प्रमुख पाहुणे आणि या सभागृहाचे व्यवस्थापक श्री. पॉरिक मोरान, ज्यांना माझ्या भाषणातलं एक अक्षर कळणार नाही, पण बटाटेवड्यातलं सगळं कळतं. मंडळाचे हंगामी अध्यक्ष शैलेंद्रदादा. आजचे सत्कारमूर्ती आदरणीय चंद्रहास देवस्थळी काका आणि सौ. प्रभाकाकू, तिकडे डब्लिनजवळच्या टॅलाहून पहाटे निघून आलेली पाहुणेमंडळी, आणि मागच्या रांगेत बसून 'हे कधी संपणार' असं इंग्रजीत विचारणाऱ्या बाळगोपाळांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मघाशी दाराशी मी प्रत्येकाला फोन बंद करायला लावला. काहींनी नाकं मुरडली, ती मी पाहिली. त्याला कारण आहे, शेवटी सांगते.

सुरुवात एका प्रश्नाने करते. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. प्रश्न असा: अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष, पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांनी निवडून दिलेला, ज्या टेपमुळे आपण बुडणार हे त्याला ठाऊक होतं, त्या टेप त्याने जाळल्या का नाहीत?

हसू नका. मला कल्पना आहे, इथल्या निम्म्या लोकांच्या मनात आलं असेल, 'आला, निक्सन आला!' काकांचा निरोप समारंभ आणि निक्सन नाही, हे कसं चालेल? पुरणपोळी आणि तूप नाही, असं व्हायचं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगते. काका आमच्या सिरिंजच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होते. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी नोंदी कशा ठेवायच्या हे तेच शिकवायचे. मी पाच वर्षांपूर्वी आले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कुरुंदवाडला वडिलांची पिठाची गिरणी आहे. विमानातसुद्धा मी प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. आणि इथे एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ आले, नमस्कार-चमत्कार नाही, फळ्यावर लिहिलं 'साडेअठरा मिनिटं', आणि गोष्टच सुरू केली.

किराणा दुकानदाराचा मुलगा. पहाटे चारला उठून बापासाठी बाजारातून भाजी आणायचा आणि मग शाळेत जायचा. शिकला, वकील झाला, राजकारणात शिरला, उपराष्ट्राध्यक्ष झाला. मग राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जेमतेम लाखभर मतांनी हरला. दोन वर्षांनी स्वतःच्या राज्याचं गव्हर्नरपदही हरला. पत्रकारांना म्हणाला, आता तुम्हाला लाथाडायला मी सापडणार नाही. लोक म्हणाले, संपला. सहा वर्षांनी तोच राष्ट्राध्यक्ष! चीनला जाऊन आला, पुन्हा निवडून आला, एकोणपन्नास राज्यं घेऊन. काका इथे थांबायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "उठण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता. आता पडणं बघा."

पडणं आपण सगळ्यांनी तोंडपाठ ऐकलंय. विरोधी पक्षाच्या कचेरीत पाच माणसं रात्री घुसली आणि पकडली गेली. ते त्याने करायला सांगितलं होतं का, हे आजही कोणी सिद्ध केलेलं नाही. झाकायला मात्र सांगितलं, आणि हे कोणी सांगितलं? त्याच्याच टेपने. स्वतःच्या कचेरीत स्वतःच बसवलेलं यंत्र. त्यातल्या एका टेपवर साडेअठरा मिनिटं नुसती खरखर. त्याच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, फोन घ्यायला हात लांबवला, पाय पेडलवर राहिला, पाचेक मिनिटं माझ्याकडून पुसली गेली असतील. बाकीची कोणी पुसली? ठाऊक नाही. शेवटी एका ओळीचा राजीनामा.

"चोरीने पडला नाही," काका म्हणायचे, "खोडण्याने पडला. म्हणून आपल्याकडे खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही. चूक झाली की एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहा. आद्याक्षरं, तारीख. चूक करणाऱ्याला इथे कोणी घरी पाठवत नाही. खोडणाऱ्याला पाठवतात." आणि मग सगळ्यांकडे बघून, "टेप जाळल्या का नाहीत? कोणाला येतंय उत्तर?"

मी पहिल्या बाकावर होते. मी हात वर केला. म्हणाले, "सर, त्याला वाटलं असेल, आपल्याला कोण विचारणार." काका म्हणाले, "अर्धा मार्क."

उरलेला अर्धा मला अजून मिळालेला नाही.

आपल्या मंडळातही काका अध्यक्षच होते. नऊ वर्षांपूर्वी चार घरं होती. पहिला गणपती काकांच्या बागेतल्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी बसला. आज एकेचाळीस घरं आहेत. चार वेळा निवडणूक झाली आणि चारही वेळा काका बिनविरोध. एकोणपन्नास राज्यांचं काय घेऊन बसलात, आपल्या अध्यक्षांना एकेचाळीसच्या एकेचाळीस घरं मिळत होती! यात प्रभाकाकूंच्या खरवसाचा हातभार किती, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

अशा लोकप्रिय अध्यक्षांना गेल्या सप्टेंबरमध्ये पद सोडावं लागलं. का, ते लहान मुलांनाही माहीत आहे. टिमाहो.

हा शब्द आता आपल्याकडे क्रियापद झाला आहे. कोणी किराण्याला लिडलला जायचं ते टेस्कोला गेलं, की 'टिमाहो केलास का रे?' मागच्या महिन्यात प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, हळदीच्या जागी मोहरीची डबी काढली म्हणून मंडळातली आमची केतकी स्वतःलाच म्हणाली, "टिमाहो झाला." आणि प्रत्येक वेळी सगळे हसून काकांकडे बघतात, आणि काकाही हसतात.

तर तो टिमाहो आज नीट सांगते.

निक्सनच्या आईचे पूर्वज आयर्लंडचे, किलडेअर परगण्यातल्या टिमाहो गावचे. क्वेकर पंथाचे. हे लोक शपथ घेत नाहीत, कारण खरं बोलायला शपथ कशाला लागते? आणि प्रार्थना शांत बसून करतात. काका म्हणायचे, "शांततेत देव शोधणारी माणसं, आणि त्यांच्या वंशजाच्या टेपवर काय निघालं? साडेअठरा मिनिटांची शांतता!" निक्सन स्वतः १९७० साली तिथे येऊन गेला. त्या पंथाच्या जुन्या दफनभूमीत सगळ्या मंडळाने एकदा उभं राहावं, ही काकांची दोन वर्षांची इच्छा. त्यांनी तिथल्या मिसेस डेम्प्सी नावाच्या आजींशी पत्रव्यवहार केला. आजींनी गावातल्या चार बायका जमवल्या. आपल्यासाठी हॅम नसलेली, अंडं नसलेली अशी वेगळी सँडविच ठरली. मे महिन्याच्या सुट्टीचा सोमवार पक्का झाला.

बसवाल्याला आणि ग्रुपवर ठिकाण कळवायचं काम सचिवाचं. सचिव कोण? मी.

काकांनी मला फोन केला तेव्हा मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत होते. ते म्हणाले, "टिमाहो दोन आहेत बरं का. किलडेअरमधलं घे. दुसरं लीशमध्ये आहे, ते नको." मी हातावर लिहिलं, 'लीश नको.' संध्याकाळी नकाशावर टिमाहो शोधलं, पहिलंच आलं. त्यापुढे इंग्रजीत परगण्याचं नाव होतं, जे मी वाचलं 'लाओइस'. मी मनाशी म्हटलं, लीश नको म्हणालेत, हे कुठे लीश आहे? हे तर लाओइस आहे. आणि पिन ग्रुपवर टाकून दिली.

हो, हसा. 'लाओइस' असं लिहून 'लीश' वाचतात, हे मला त्या दिवशी साडेअकरा वाजता कळलं.

साडेअकराला बस थांबली. समोर फार सुंदर, उंच, गोल दगडी मनोरा. छोट्या अथर्वने विचारलं, "इज द प्रेसिडेंट इन द टॉवर?" काका खाली उतरले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या हातात फुलांचा गुच्छ होता. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा आले. काकांनी त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या पूर्वजांबद्दल विचारलं. आजोबा म्हणाले, "अह, युअर मॅन? युअर मॅन्स क्राउड आर इन किलडेअर." इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गृहस्थ', आणि 'क्राउड' म्हणजे त्याच्या घरची माणसं. शैलेंद्रदादा तेवढ्यात ओरडले, "काका, तुमचा माणूस किलडेअरला आहे म्हणे! तुमचा माणूस आणि तुम्हालाच पत्ता नाही?"

बसभर हशा. मीही हसले, दादा. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले असेन.

बसवाल्याची वेळ ठरलेली. किलडेअरला जाऊन परत कासलबार, हे त्याच्या तासांत बसत नव्हतं. काकांनी मिसेस डेम्प्सींना फोन लावला. मनोऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून बोलले. परत आले तेव्हा म्हणाले, "त्या म्हणतात, नॉट अ बॉदर, काही हरकत नाही." पण फुलांचा गुच्छ त्यांनी तिथेच मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवला. मुलं गवतात गडगडत होती, डबे उघडले होते, एकूण सहल झकास झाली. ग्रँड! फक्त ज्यांची ती सहल होती त्यांना सोडून.

परतीच्या बसमध्ये कोणीतरी म्हणालं, "काकांचं वय झालं आता." कोणी म्हणालं, "दोन वर्षं निक्सन निक्सन, आणि गाव माहीत नाही?" मी मागच्या सीटवर होते. मी फोन काढला, ग्रुपमधली माझी पिन शोधली आणि 'सगळ्यांसाठी डिलीट' दाबलं.

(क्षमा करा, पाणी घेते.)

पेडलवर पाय वगैरे काही नव्हता. अंगठा होता, माझा होता, आणि जाणूनबुजून होता. तरी खूण राहिलीच. पिनच्या जागी एक करडी ओळ आली: 'हा मेसेज डिलीट केला आहे.' वर माझं नाव. एकेचाळीस घरांपैकी चाळीस घरांनी ती ओळ वाचलीच नाही. एकानेच वाचली. दोन रांगा पुढे काकांनी फोन बघितला, थोडा वेळ बघत राहिले, आणि खिशात ठेवला. मागे वळून पाहिलं नाही.

सप्टेंबरच्या सभेत विषय निघाला. शैलेंद्रदादांनी विचारलं, "काका, मग टिमाहोचं काय?" काका उभे राहिले आणि म्हणाले, "जबाबदारी माझी. नवीन माणूस निवडा." बसले. मी इतिवृत्त लिहीत होते. आणि मी लिहिलं, 'अध्यक्षांनी चूक मान्य केली.'

जबाबदारी आणि चूक. दोन शब्द. मराठीच्या पेपरात मला शंभरपैकी एक्याण्णव होते, तेव्हा मला फरक कळत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. अध्यक्षाची असते ती जबाबदारी. चूक ज्याची त्याची असते.

मग पुढचे महिने काय झालं? काही नाही. हेच तर वाईट. काका रोज भेटत, "काय गं, जेवलीस का?" विचारत. माझ्या इतिवृत्तातल्या सहीला हसत, "स्व. घो.! अगं, जिवंतपणी स्वतःला स्वर्गवासी का करतेस?" नोव्हेंबरमध्ये नवीन मुलं लागली, त्यांच्या शिकवणीला मी मदतनीस म्हणून मागे उभी होते. काकांनी तीच गोष्ट सांगितली, तोच प्रश्न विचारला, "टेप जाळल्या का नाहीत?" माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांपूर्वी माधवीताईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, काकांचं मानपत्र तू लिही. दुसरी, नवीन अध्यक्ष म्हणून त्याच दिवशी तुझं नाव जाहीर करू. मी हुरळले, खोटं कशाला बोलू? रात्रभर नाही, पण संध्याकाळभर आरशात बघून 'अध्यक्ष' म्हणत होते. मग मानपत्र लिहायला बसले. नऊ वर्षांचं कौतुक झरझर उतरलं, आणि पेन आपोआप लिहून गेलं, 'गेल्या वर्षीची एक किरकोळ चूक वगळता...'

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. काका दोन तारखेला कायमचे नाशिकला चाललेत. जाताना सामानात हे वाक्य घेऊन जाणार, आणि ते मी मखमलीच्या नळकांड्यात घालून, शाल-श्रीफळासकट त्यांच्या हातात देणार?

मी घरी फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं. त्यांना निक्सन माहीत नाही, टिमाहो माहीत नाही. गिरणी चालू होती, ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हटलं, "बाबा, आता दहा महिने झाले. हळूहळू विसरतील ना लोक?"

ते म्हणाले, "एकाच्या गव्हात दुसऱ्याची बाजरी पडली तर मी काय करतो?"

"काय करता?"

"त्याच्या घरी जाऊन सांगतो."

"चाळून देता येत नाही?"

"पीठ झाल्यावर चाळून निघत न्हाई गं. सांगूनच निघतंय." आणि मग, "हॅलो? अगं, ऐकू येतंय का? गिरणी बंद करू का?"

म्हटलं, नको. ऐकू आलं.

मग मी सप्टेंबरच्या सभेचं रेकॉर्डिंग ऐकलं. हो, ते होतं. इतिवृत्तासाठी मी सभा फोनवर रेकॉर्ड करते. बसमध्ये मेसेज पुसायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती, पण ज्यात काकांच्या आवाजात स्वच्छ 'जबाबदारी माझी' ऐकू येतं, ते रेकॉर्डिंग सहा महिने फोनमध्ये तसंच. ते मी का पुसलं नाही? मला माहीत नाही. काका, तुमच्या प्रश्नाच्या मी आतापर्यंत एवढीच जवळ पोचले आहे. कदाचित माणूस लपवतो तेव्हासुद्धा त्याच्यातलं कोणीतरी वाट बघत असतं, सापडण्याची. पाऊण मार्क देता येईल का?

प्रभाकाकूंकडे मी बुधवारी जाऊन सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं." मी विचारलं, मग काका बोलले का नाहीत? त्या म्हणाल्या, "ते म्हणाले, मी सांगितलं तर ती दुरुस्ती माझ्या अक्षरात होईल. तिच्या अक्षरात व्हायला हवी." आणि मला तव्यावरची गरम पोळी दिली, तूप लावून.

माधवीताई, मानपत्रातलं ते वाक्य आता त्यात नाही. शैलेंद्रदादा, 'टिमाहो' हे क्रियापद चालू ठेवा, छान आहे, भाषेत भर पडली. फक्त यापुढे ते माझ्या नावावर लावा. आणि अध्यक्षपदाच्या कागदावरचं माझं नाव मी काढलेलंही नाही आणि त्यासाठी मत मागतही नाही. मी खोडलं होतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. सगळी नोंद समोर ठेवून तुम्ही ठरवा. बिनविरोध मात्र नको, निदान एकाने तरी हात वर करून प्रश्न विचारावा.

आता आभार. माधवीताईंनी मला बोलायला दिलं, शैलेंद्रदादांनी सबंध भाषणात फक्त तीनदा टोकलं, पॉरिककाकांनी हीटर लावला, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी वडे झाकून ठेवले, या सर्वांची मी ऋणी आहे. काका, काकू, तुमचे आभार मानण्याइतकी मी मोठी नाही. नाशिकला सुखरूप पोचा, आणि तिथे कोणी नवीन मुलगा-मुलगी भेटली तर गोष्ट सांगत राहा.

आता फोन चालू करा.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना, तुम्ही फोन बंद करून चहा घेत होता, तेव्हा मी ग्रुपवर दोन गोष्टी टाकल्या आहेत. पहिला फोटो इतिवृत्ताच्या वहीचा. 'चूक मान्य केली' या शब्दांवर एक आडवी रेघ आहे, खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलंय, 'जबाबदारी स्वीकारली. ठिकाणाची चूक सचिवांची. चुकीची पिन त्यांनीच टाकली आणि त्यांनीच पुसली.' आद्याक्षरं, तारीख. दुसरी आहे पिन. टिमाहो, किलडेअर. तीनदा तपासली, एकदा मिसेस डेम्प्सींकडून वाचून घेतली. त्यांना मी मागच्या आठवड्यात पत्र टाकलं होतं, त्यांचा काल फोन आला. पुढच्या शनिवारी सकाळी आठला बस इथूनच निघेल, ती मी ठरवून टाकली आहे. काका, गुच्छ या वेळी मी आणते. "द केटल विल बी ऑन," असं त्या म्हणाल्या.

भाषण संपवताना 'माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी' असं म्हणायची आपली रीत आहे. माझ्याही कागदावर ते वाक्य होतं. आज सकाळी त्यातल्या 'असेल तर' या दोन शब्दांवर मी एक रेघ मारली, वर 'आहे' लिहिलं, आणि पुढे सही केली आहे: स्व. घो.